संताजीअण्णांची पिकअप, स्वल्प मेले

...आणि वर लोक मलाच म्हणतात, अनुसूयाक्का, दुसऱ्याच्या गाडीच्या चौकशा तुम्हाला कशाला? अहो, गाडी माझ्या दारात, जॅक माझ्या तुळशीपाशी, मी काय डोळे मिटून भाजी निवडू? तुम्हाला सांगते, त्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्या चामराजपेटेत कुणाच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता, फक्त संताजीअण्णांची पिकअप!

संताजीअण्णा म्हणजे आमचे शेजारी. दसऱ्याला आमच्या भवानीआईची मिरवणूक निघते ती त्यांच्याच गाडीतून. आजोबांच्या वेळी बैलगाडी होती, आता पिकअप आहे, पण मान त्यांच्याच घरचा. आणि आदल्या वर्षी काय झालं, चौकातल्या नव्या हंपवर, स्पीडब्रेकर हो, गाडीचं पोट घासलं, असा गचका बसला की आईचा मुकुट घसरून नाकावर आला... सगळ्या पेटेनं बघितलं हो! त्यानंतर संताजीअण्णा त्या चौकातून मान खाली घालून जायचे. म्हणून त्या वर्षी ठरवलं, गाडी उंच करायची. गुंडो मेकॅनिकनं कुठून तरी लिफ्ट किट आणलं. किट म्हणजे काय, तर मागच्या चाकांवर बसवायचे स्प्रिंगचे जास्तीचे पाटे. आणि पुढच्या चाकांचं? ते त्या खोक्यात नव्हतंच!

झालं. मागून उंच, पुढून खाली, तळ्यावर पाणी प्यायला वाकलेली म्हैसच जणू. आमचे पुजारी भीमाचार्य बघायला आले, गाडीत चौरंग ठेवला, त्यावर कलश ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अण्णा, अशानं आई लोकांना नमस्कार करत जाईल. लोकांनी आईला करायचा, का आईनं लोकांना?" आणि जाता जाता अगदी गोड आवाजात सांगून गेले की ऋतुराजनं नवा टेम्पो घेतलाय, सरळ आहे. ऋतुराज म्हणजे संताजीअण्णांचा चुलतभाऊ! संताजीअण्णा पायरीवर बसले ते बसलेच. आजोबांचा मान आपल्या हातून जाणार, आणि तोही भाऊबंदकीत... त्यांच्या मंडळींनी, सकवारवहिनींनी, जेवायला वाढलं, तर भात कालवत राहिले नुसते.

मग सुरू झालं ते. पुढच्या स्प्रिंगवर लोखंडी ठोकळे घालायचे आणि पुढचं तोंड वर आणायचं. गुंडो गाडीखाली, संताजीअण्णा बॉनेटसमोर एक डोळा मिटून, आणि दिवसभर एकच घोष: "स्वल्प मेले, गुंडो, स्वल्प मेले!" आता स्वल्प मेले म्हणजे कन्नडात थोडं वर, हे आम्हा इथल्या मराठी माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पण माझ्या वरच्या मजल्यावर पुण्याहून नवे आलेले नंदकिशोर इंजिनियर राहतात, त्यांना काय ठाऊक? ते अर्ध्या दाढीला साबण तसाच, धावत खाली आले. कोण मेले? आणि गुंडोचे नुसते पाय दिसत होते हो गाडीखालून! मला हळूच विचारतात, स्वल्प मेले म्हणजे, अजून थोडी धुगधुगी आहे का? मी त्यांना नीट समजावलं, तोवर इकडे स्वल्प मेले करता करता गाडीचं तोंड इतकं वर गेलं की आई आता आरामखुर्चीत रेलल्यासारखी दिसेल. काढा ठोकळा. पुन्हा नमस्कार. घाला ठोकळा. पुन्हा आरामखुर्ची. आणि संताजीअण्णांचा आवाज बसत चाललेला... स्वल्प मेले, बाबा, स्वल्प मेले...

शेवटी नंदकिशोरांनाच दया आली. त्यांनी घरातून पाणसळ आणली, चौरंगावर ठेवली. आता बुडबुडा मधोमध आला की गाडी सरळ, एवढं मलाही कळलं. सगळी गल्ली त्या बुडबुड्यावर वाकली. कुणी म्हणे आला, कुणी म्हणे निसटला. आणि एकदाचा बरोब्बर मधे येऊन थांबला! भीमाचार्यांनी सरी, म्हणजे ठीक, म्हटलं. संताजीअण्णांनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले, मी पाहिलं की.

दसऱ्याला सकाळी गाडी देवळाच्या अंगणात लावली, चौरंग ठेवला, आणि काय सांगू... नमस्कार! तसाच्या तसा नमस्कार! नंदकिशोर अंगणाकडे बघतात, पाणसळीकडे बघतात, आणि मग कपाळावर हात मारतात. देवळाचं अंगण सपाट, आणि आमची गल्ली चढाची हो! गाडी चढाकडे तोंड करून उभी, चढानंच तिचं तोंड उचलून धरलेलं, आणि आम्ही बुडबुडा बघत बसलो. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं माझ्या उंबऱ्याला लागून खाली धावतं, तरी कुणाच्या डोक्यात आलं? तिकडे ऋतुराजनं टेम्पोला झेंडूच्या माळासुद्धा बांधलेल्या. संताजीअण्णा बॉनेटवर हात ठेवून उभे. मला तर बघवेना.

आणि सकवारवहिनी? त्या तडक देवळाच्या स्वयंपाकघरात गेल्या, जेवायला बसायचा एक पाट घेऊन आल्या आणि चौरंगाच्या पुढच्या पायांखाली सरकवून दिला. आई सरळ. एवढंच! लोखंडाचे पाटे घालून घालून गुंडोची पाठ गेली, आणि कामाला आला जेवणाचा पाट...

मिरवणूक निघाली. चौकातला हंप आला, गाडी अलगद पार, मुकुट जागच्या जागी. संताजीअण्णांची छाती अशी फुगली! मग आमच्या गल्लीत वळलो. चढ लागला. आणि खालचा तो पाट... आई गेली की मागे रेलून! सकवारवहिनी दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या, आणि आई त्यांच्या डोक्यावरून थेट नंदकिशोरांच्या गॅलरीकडे बघतेय, तिथे त्यांचे वाळत घातलेले बनियन. भीमाचार्यांना म्हटलं पाट काढा, तर म्हणाले, एकदा बसलेली आई देवळात परत जाईपर्यंत हलवायची नाही. वहिनी बिचाऱ्या स्टुलावर चढल्या, तिथून ओवाळलं.

मी संताजीअण्णांकडे पाहिलं. वाटलं, आता हे रडतात की काय. त्यांनी स्टिअरिंगवर हात टेकले, मोठा उसासा सोडला आणि म्हणाले, "बघू दे अक्का, बनियन तर बनियन. नमस्कार तर करत नाहीये ना कुणाला!"