मेसच्या कागदावर माझं नाव

माझं नाव उत्तम. गाव हिंगोलीकडचं, तालुक्यापासून नऊ किलोमीटर आत, आणि आमची वस्ती गावापासूनही थोडी बाजूला, ते कशामुळं ते तुम्हाला सांगायला नको. बाप गवंड्याच्या हाताखाली होता, पण त्याचं खरं काम परांची बांधायचं. बांबू आणि काथ्या, बस, एवढ्यावर तो दोन-तीन मजल्यांचा सांगाडा उभा करायचा. गावच्या देवळाच्या कळसाला रंग द्यायचा होता तेव्हा परांची त्यानंच बांधली, कळसापर्यंत गेला, कळसाला हात लावून खाली उतरला. आत मात्र कधी गेला नाही. त्याला कुणी अडवलं असंही नाही, तोच गेला नाही, कारण जायचं नसतं हे त्याला पाठ होतं.

तेच काम मी इथं करतो, फक्त बांबूच्या जागी लोखंडी पाइप आणि काथ्याच्या जागी क्लॅम्प. आखातात आलो त्याला नऊ वर्षं झाली, पहिले सहा महिने दुबईच्या जबल अलीला होतो, मग अबू धाबीला, मुसफ्फाला आलो ते इथंच आहे. स्कॅफोल्डर म्हणतात आम्हाला. मी सांगाडा उभा करतो, सुपरवायझर तपासतो, हिरवा टॅग लावतो, मग वेल्डर, पेंटर सगळे त्यावर चढतात. हिरवा टॅग लागला की कुणी मागंपुढं बघत नाही, यल्ला, म्हणजे चला, म्हणून वर. माझ्या हातानं आवळलेल्या क्लॅम्पवर माणसं जीव टाकून काम करतात, आणि मी सांगतो तुम्हाला, नऊ वर्षांत एक क्लॅम्प निसटला नाही.

आता खोलीचं सांगतो. लेबर कॅम्पमध्ये एका खोलीत आम्ही आठ माणसं, सगळी मराठी. मेस आमची आमची, म्हणजे सामान एकत्र आणायचं आणि कॅम्पच्या किचनमध्ये वाराप्रमाणे एकेकानं स्वयंपाक करायचा. फ्रिजवर कागद चिकटवलेला असतो, सोमवार अमुक, मंगळवार तमुक. आठवड्याला वार सात आणि माणसं आठ. मी आलो त्या दिवशी तानाजीदादानं, तो सातारकडचा, खोलीत सगळ्यात जुना, मेस तोच बघतो, त्यानं मला विचारलं, पूर्ण नाव काय, गाव कुठलं, गावात घर कुठं. सगळं सांगितलं. मग म्हणाला, उत्तम, तू दिवसभर उंचावर असतोस, दमतोस, तुला स्वयंपाकाचं नको, तू आपलं भांडी घास आणि कांदा-बिंदा चिरून दे. मला बरं वाटलं हो. परदेशात पहिल्यांदा कुणी माझ्या दमण्याचा विचार केला होता.

आणि दादा माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवा. माझा बाप गेला तेव्हा ऑफिसवाले म्हणाले सुट्टी बघू, पासपोर्ट बघू, इन्शाल्ला, उद्या या. दादा स्वतःची ड्यूटी सोडून त्या ऑफिसच्या दारात बसला तो माझा पासपोर्ट हातात पडेपर्यंत उठला नाही. बापाच्या मातीला मी पोचलो तो त्याच्यामुळं. आता अशा माणसावर राग धरायचा कसा, सांगा.

तर आठ वर्षं मी भांडी घासली. मग खोलीतला एकजण गावी परत गेला आणि त्याच्या जागी विलास आला, वेल्डिंगचा हेल्पर, बीडकडचा. त्याला भाताला पाणी किती घालायचं ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात दादानं त्याचं नाव कागदावर शनिवारी लिहिलं. म्हणाला, शिकेल हळूहळू. मी कांदा चिरत होतो. सुरी हातातच राहिली. मनात म्हटलं, आठ वर्षांत मी शिकलो नसतो का? हा पण दिवसभर दमतोच की. कांदा चिरून दिला. पण त्या दिवसापासून तो कागद दिसला की माझं तोंड कडू व्हायला लागलं.

एप्रिल आला. दरवर्षी मी जयंतीला दुबईला जातो, तिथं आमची माणसं हॉल घेतात, परवानगी काढतात, वंदना होते, भाषणं होतात, पोरं इंग्लिशमध्ये बाबासाहेबांवर बोलतात आणि आयाबाया डोळे पुसतात. यंदा म्हटलं, खोलीत करायची. मिरवणूक नको, स्पीकर नको, नुसता फोटो ठेवायचा, हार घालायचा. फ्रेम आणली अठरा दिऱ्हमची, म्हणजे सव्वाचारशे रुपये झाले. रविवारी सगळ्यांना सुट्टी, तेव्हा सकाळी हार घेऊन आलो आणि दादाला विचारलं. दादा दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, कर की, पण उगा जात कशाला आणतोस खोलीत? इथं कुणी जात बघत नाही. अरबाला आपण सगळे सारखेच हिंदी. मी तुला कधी विचारली का तुझी जात, नऊ वर्षांत? मी म्हटलं, नाही विचारली दादा. पूर्ण नाव विचारलंत, घर गावात कुठं ते विचारलंत, मग विचारायचं राहिलं काय?

प्रकाश, आमचा मालवणचा, तो वातावरण हलकं करायला म्हणाला, अरे मी तर फक्त बांगडा बघतो, तळणारा कोण ते बघतच नाही. सगळे हसले. मग तोच म्हणाला, चल, मी सुपरमार्केटमधून केक आणतो, निळा सांगतो, कापू, टाळ्या वाजवू, खलास. मला वाटतं मनापासून म्हणाला तो. पण मी म्हटलं, केक नको. आज मी स्वयंपाक करतो. भाकरी, वरण, वांग्याची भाजी. माझ्या हातची.

काय सांगू तुम्हाला, केक म्हटल्यावर सगळ्यांच्या माना हलल्या होत्या, आणि भाकरी म्हटल्यावर एक हलेना. दादानं वस्तरा धुतला, तोंड पुसलं आणि म्हणाला, उत्तम, तू बदललास रे. एवढी वर्षं आपण भावासारखे राहिलो, तुझ्या मनात हे होतं? जो सारखा जात जात करतो तोच जात पाळतो. हे वाक्य मी गावाकडं पण ऐकलंय, शाळेत, पंचायतीत, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून. जखम झालेला बोलला तर म्हणायचं हाच भांडण काढतो. मी म्हटलं, दादा, माझ्या सांगाड्यावर जीव टाकता आणि माझ्या हातच्या पिठाला घाबरता? एवढं बोललो आणि बाहेर आलो, कारण पुढं बोललो असतो तर रडलो असतो.

हार हातातच होता. गेटवर सावलीत खुर्चीवर कॅम्पचा सिक्युरिटीवाला बसला होता, युगांडाचा. आम्ही सगळे त्याला कालू म्हणायचो. तो येऊन दोन वर्षं झाली असतील. कालू, गेट खोल. कालू, पार्सल आलं का. त्यानं विचारलं, फुलं कुणाला? मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं, अवर लीडर, बर्थडे, ऑल मॅन सेम. खोलीत काय झालं तेही सांगितलं, त्याला काय कळलं कोण जाणे, पण माणूस ऐकून घेत होता. मग तो म्हणाला, आधी मी एका मोठ्या हॉटेलात होतो. तिथला मॅनेजर म्हणायचा, आम्ही रंग बघत नाही. आणि माझी ड्यूटी कायम मागच्या पार्किंगला, पुढच्या दाराला गोरा दिसणारा. विचारलं तर म्हणायचा, यात रंग कुठून आणलास तू?

मी म्हटलं, अगदी हेच, हेच तर माझं म्हणणं. म्हटलं, बरोबर आहे कालू.

तो इथं शिकलेल्या हिंदीत, अगदी सावकाश म्हणाला, मेरा नाम जोसेफ. दो साल हो गया, तुमने एक बार नहीं पूछा.

मी हसून म्हटलं, डोन्ट माइंड, ओन्ली जोक, मी पण काळाच आहे बघ. आणि तोंडातून ते शब्द गेले आणि मला माझाच आवाज ऐकू आला, म्हणजे कसं सांगू, दादाचा आवाज माझ्या तोंडात. मनावर घेऊ नको, आपण सगळे सारखे. हारवाला मी, जयंती करणारा मी, आणि दोन वर्षं एका माणसाला त्याच्या कातडीच्या नावानं हाक मारत होतो. चळवळीची पुस्तकं वाचली म्हणजे माणूस आपोआप धुऊन निघत नाही, हे मला त्या गेटवर कळलं. मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, ओके. म्हणाला, मी काळा आहे ते बघू नको असं मी म्हणत नाही, बघ की. त्यावरून मला कुठं उभं करतात ते पण बघ. आणि नावानं हाक मार.

परत खोलीत गेलो. फोटो ठेवला, हार घातला, मेणबत्ती लावली. मग किचनमध्ये जाऊन भाकरी थापल्या, माणशी दोन, आणि गेटवर नेऊन द्यायला जोसेफच्या दोन, अशा अठरा. प्रकाश पहिला आला, तीन खाल्ल्या, म्हणाला, नऊ वर्षं आम्हाला उपाशी मारलंस रे तू. विलास जेवला. बाकीचे एकमेकांकडं बघत बघत बसले. दादा म्हणाला, माझं पोट बरोबर नाही. कुबूस, म्हणजे दुकानातली अरबी रोटी, आणि ताक घेतलं.

जेवण झाल्यावर मी बोललो. म्हटलं, मला कागदावर वार पाहिजे. प्रकाश म्हणाला, माझा गुरुवार घे. दादा लगेच म्हणाला, हां, गुरुवार द्या त्याला. आता दादाचा गुरुवारी कडक उपास असतो, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, गुरुवार नको. आणि भांडी पण एकट्याची नकोत. दर आठवड्याला एकजण भांड्याला, बाकीचे सात स्वयंपाकाला, फिरतं करा, माझ्यापासून तुमच्यापर्यंत सगळ्यांना. मी उंचावर काम करतो, मला हिशेब नीट कळतो वजन कुठं जास्त पडतंय त्याचा. दोन दिवस कागद तसाच. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो तर नवा कागद, दादाच्याच अक्षरात. मंगळवार, उत्तम. आणि खाली, भांडी, या आठवड्यात, तानाजी.

त्याला चार मंगळवार झाले. पहिले तीन मंगळवार दादा भाजी घ्यायचा, वरण घ्यायचा, भाकरीला हात लावायचा नाही, कुबूस खायचा. भाजी चमच्यानं ढवळलेली, भाकरी हातानं थापलेली, एवढाच काय तो फरक असेल त्याच्या मनात. मी त्याच्या वाटणीच्या दोन थापतच होतो. परवा चौथ्या मंगळवारी मी तवा आणायला किचनमध्ये गेलो, तर दादा ओट्याशी उभा, भिंतीकडं तोंड करून, भाकरीचा तुकडा मोडून खात होता. मी पावलं न वाजवता मागं फिरलो. त्याला साठ वर्षांची सवय मोडायची होती, त्यात मी मध्ये कशाला उभा राहू?

तो पुढच्या वर्षी कायमचा गावी जाईल. जाऊ दे, सुखानं जाऊ दे, त्याच्या नातवंडांचं भलं होऊ दे. तोपर्यंत मंगळवार मी सोडणार नाही. त्याच्या दोन भाकरी थापीन, त्यानं बसून खाल्ल्या तरी आणि उभ्यानं खाल्ल्या तरी.