लाल झेंड्या

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या दवाखान्यात ग्लेनिस पायाशी लाल पिशवी ठेवून नवऱ्याची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर दोन म्हातारे होते, दोघांच्याही बुटांना रानातली लाल माती.

"तुम्हीपण सोनं शोधता वाटतं?" एकानं दुसऱ्याला विचारलं.

"रविवारी. धातूवर वाजणारं यंत्र घेऊन हिंडतो."

"मी जन्मभर खाटीक. रक्ताला कंटाळलो, म्हणून मातीत हात घातला. तुम्ही?"

"लष्करात होतो. जमिनीतले सुरुंग हुडकायचो."

"मग काय, कान तयारच की! बरंच सोनं काढलं असेल."

"मी नाही काढत. यंत्र वाजलं की पाय गोठतात. खाली सुरुंग नाही हे डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. लाल झेंडी रोवतो आणि बाजूला होतो."

"मग खणतं कोण?"

"बायको खणायची. मी लांबून ओरडायचो, हळू, हळू! ती हसायची नुसती."

"खमकी आहे बाई! आली नाही बरोबर?"

"गेल्या हिवाळ्यात वारली."

"अरेरे. मग आता ते यंत्र विकून टाका."

"छे, जातो की दर रविवारी. झेंड्या रोवतो."

"आणि खणत कोणीच नाही?"

"कोणीच नाही. परवा बघतो तर चारी बाजूंनी झेंड्याच. अंधार पडेपर्यंत मध्येच उभा होतो. वाट सापडेना. लेकीनं येऊन हात धरून बाहेर काढलं."



नर्सनं हाक मारली. लष्करातला म्हातारा उठला, आणि समोरच्या फरशीकडे बघत तसाच उभा राहिला.

ग्लेनिसनं त्याच्या वाटेतली आपली लाल पिशवी हळूच जवळ ओढून घेतली.