मेक्सिकन अंगण आणि बाबांचा हातोडा

खरं सांगते, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले वडील राहायला आले की घरातले हातोडे लपवावेत. इंग्लंडमधल्या लीड्सच्या आमच्या जुन्या विटांच्या घराची मागची खोली मला हल्लीच्या मेक्सिकन घरांसारखी थेट अंगणात उघडायची होती. फोटो पाहून बाबाही खूश. मी म्हटलं, "शुक्रवारी इंजिनिअर बघून जाईल, तोवर थांबा."

"एक भिंत पाडायला इंजिनिअर कशाला? भार कॉलम घेतात. चाळीस वर्षं हेच केलंय मी."

"ते पुण्यात, बाबा. इथे भिंतीच घर धरून ठेवतात."

"मला शिकवू नकोस."

गुरुवारी ऑफिसमधून आले तर भिंतीला दाराएवढं भगदाड आणि वरून कडकड आवाज. वरच्या खोलीत बाबांबरोबर आलेली आई होती. तिनं एक पाऊल टाकलं की खाली प्लास्टर पडायचं.

"काय पडलं गं? येऊ का खाली?"

"आई, जागची हलू नकोस!" मी फायर ब्रिगेडचा नंबर लावला.

बाबा भगदाडाच्या वरच्या विटांना दोन्ही तळवे टेकवून उभे, चेहरा पांढराफटक.

"अगं, या घराला कॉलमच नाहीत?"

"एक आहे," मी म्हणाले. "तुम्ही. हात काढू नका."