खाडीपलीकडचा लाल उजेड

बसा हो ताई, दगड कोरडा आहे, मी मघाशीच हात लावून बघितलाय — आणि तो कॅमेरा जरा झाकून ठेवा, त्याचा उजेड पाण्यावर पडला की पाणमांजर गडप. काय? आपण दोघीच का? दोघीच. बाकीच्यांना पलीकडच्या फेरीचं वेड, कारण पलीकडचा माणूस थर्मासमधून चहा देतो. पाणमांजर दाखवेलच असं नाही, पण चहा देतो. पलीकडचा म्हणजे कोण? म्हणजे माझा नवरा.

हसा, पण हळू हसा, पाण्यावरून आवाज लांब जातो. पूर्वी पाणमांजर दाखवायची फेरी एकच होती, आमची दोघांची — तो पुढे, मी मागे, मधे गिऱ्हाईकं, आणि रोज संध्याकाळी समुद्राच्या कडेकडेनं इथवर, खाडीच्या तोंडाशी. एकदा काय झालं, ह्यानं पाण्यात बोट दाखवलं आणि म्हणाला, ते बघा पाणमांजर. सगळ्यांनी धडाधड फोटो काढले. आता तो होता ओंडका. मी म्हटलं, ओंडका आहे. तो म्हणाला, हलतोय की. मी म्हटलं, भरतीच्या पाण्यात टाकला तर तूही हलशील. माणसं खो खो हसली आणि ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असला प्राणी — कपडे उचलले, खाडीपलीकडे बहिणीकडे जाऊन राहिला आणि तिथून स्वतःची फेरी काढली. सासूबाई मात्र माझ्याकडेच राहिल्या. म्हणाल्या, मुलगा गेला तर जाऊ दे, स्वयंपाक तूच बरा करतेस.

ही बॅटरी बघा. काचेवर लाल कागद लावलाय, लाल उजेडाला जनावर बुजत नाही. आमच्या धंद्यात एक रीत आहे, मग आपसांत कितीही वैर असो — ज्याला जनावर दिसेल त्यानं समोरच्या काठाकडे बॅटरी एकदा लावून विझवायची. म्हणजे समोरच्यानं आपली माणसं घेऊन गुपचूप यायचं. ह्यात कुणी खोटेपणा करत नाही. मी करते.

अहो, मजा येते, काय करू. इकडे चिटपाखरू नसतं, मी बॅटरी लावते, की तिकडून हा निघालाच — ओहोटीच्या चिखलातून, पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि मागे ती शहरातली माणसं बूट हातात घेऊन. इथं पोचला की मी म्हणायचं, अरेरे, आत्ताच गेलं बघ. तो पाण्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आई बरी आहे का विचारतो, मी म्हणते बरी आहे, की आला तसा परत. मागे एकदा एक चप्पल चिखलात राहिली, तर दुसरी हातात धरून गेला. गिऱ्हाईकं वैतागतात, पण हा काही शिकत नाही. ओहोटीची संध्याकाळ असली की मी फसवणार आणि हा फसणार. गाढव आहे, दुसरं काय.

आज? छे, आज नाही लावायची. आज त्याची फेरी बंद आहे, नाक्यावरच्या पाटीवर खडूनं लिहिलंय. मी काही वाचायला गेले नव्हते, वाटेत होती पाटी — म्हणजे माझी वाट ती नाही, पण आज तिकडून आले. उद्या सकाळी निघतोय तो. लांब कुठल्याशा हॉटेलात नोकरी धरलीय, पाहुण्यांना होडीतून फिरवायची. सासूबाईंनी सकाळी सांगितलं आणि दिवसभर माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जशी काही मीच त्याची बॅग भरून दिलीय. जाऊ दे की, मला काय त्याचं. घर मोठं वाटतं एवढंच — मोठं नाही, रिकामं वाटतं. आणि शेजारी कुणी घोरत नसलं की मला झोप लागत नाही, पण ती सवय हो, बाकी काही नाही. जाऊ नको म्हणून सांगायला मी काय त्याच्या दारात जाणार? ओंडक्याला पाणमांजर म्हणणार तो, आणि नमतं घ्यायचं मी?

अगं बाई. बटण दाबलं गेलं. चुकून हं, तुमच्यासमोर दाबलं गेलं, बघितलंत ना. असू दे, आज पलीकडे आहे कोण बघायला.

थांबा. तो बघा, लाल उजेड. हलला. निघाला की हा — आणि एवढ्या घाईनं कशाला, त्या मधल्या घळीत पाय रुतेल, मेल्याला दर वेळी सांगायला लागतं. मागे माणसं दिसतात का हो तुम्हाला? मलाही नाही दिसत. एकटाच येतोय.

काय म्हणालात? फेरी बंद होती तर तिथं बसला कशाला होता? बसला असेल वारा खात. आणि एकट्याला एवढा चिखल तुडवून पाणमांजर कशाला बघायचंय, हा काय प्रश्न झाला — जन्म गेला त्याचा पाणमांजरं बघण्यात. त्याला काय माहीत नाही, ओहोटीचं पाणी परत चढेपर्यंत ह्या दगडासमोर पाणमांजर येत नसतं म्हणून? चांगलं माहीत आहे. माझ्याआधीपासून माहीत आहे.

म्हणजे दर वेळी...

उठा ताई. नाही, आज काही दिसायचं नाही, मीच सांगतेय ना. ह्या पायवाटेनं सरळ वर जा, खांबावरचा दिवा दिसला की रस्ता लागेल. परवा या, परवा नक्की दाखवते. अहो, कॅमेरा कसला काढताय, चला, निघा बघू. तो पोचेल आता, आणि त्याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.