दवाखान्यातला पाहुणा

माझ्या इंग्रजी शिकवण्याला तुम्ही हसता, पण सासुरवाडीला ते एकदा कामी आलं बरं का!

पिंपळीचे माझे सासरे, आबा, मूतखड्यानं बेजार झाले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की उसाला पाणी द्यायला निघायचे. शेवटी मी म्हणालो, "आबा, हॉस्पिटल, हॉटेल, हॉस्टेल हे सगळे एकाच मुळातले शब्द. हॉस्पिटल म्हणजे पूर्वी पाहुण्यांना उतरायची जागा."

"आसं व्हय पाव्हणं? मग जाऊ की."

बारामतीला ॲडमिट व्हायला निघाले ते डॉक्टरांसाठी पेरूंची पिशवी घेऊनच. पाहुण्यानं रिकाम्या हातानं कसं जायचं?

ऑपरेशन झकास झालं. चौथ्या दिवशी डॉक्टर येऊन म्हणाले, "आबा, आज घरी जायचं." मी बॅग भरली, पण आबा कॉटवरून हलेनात.

"दुखतंय का?"

"दुखत न्हाय. पर पाव्हण्याला येकदा तरी ऱ्हावा म्हणायचं का न्हाय?"

मी गुपचूप डॉक्टरांना गाठलं. बिचारे परत आले. "आबा, एवढी काय घाई? राहा की आजचा दिवस."

आबा लगेच उठले. "छ्या छ्या! लई कामं पडल्यात. आता तुमीच या पिंपळीला जेवायला."

गाडीत मला पुन्हा खुमखुमी आली. "आबा, वैऱ्यासारखं वागणाऱ्याला इंग्रजीत हॉस्टाइल म्हणतात. तोही त्याच मुळातला."

"आसंल की," आबा म्हणाले, "त्याला कुणी ऱ्हावा म्हणलं नसंल."