वर्ग चालू होता, साहेब

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या गावच्या सरपंच बेबीताई. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, शिक्षण विस्तार अधिकारी साहेब. पलीकडच्या वस्तीशाळेतून आवर्जून आलेल्या जयमालाबाई. ज्यांच्यासाठी आपण सगळे या मंडपात जमलो त्या मुख्याध्यापिका सत्यभामाबाई. आणि समोर बसलेले पालक, माताभगिनी आणि मुलांनो,

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. निरोपाच्या दिवशी गोड बोलावं, हे मला कळतं. काल तसं भाषण लिहिलंही होतं. त्यात ज्ञानाचा दिवा होता, आईची माया होती. आज सकाळी वाचून पाहिलं आणि वाटलं, यात बाई कुठे आहेत? हे भाषण कोणत्याही तालुक्यात, कोणत्याही बाईंसाठी चाललं असतं. म्हणून ते घरीच ठेवून आलो. आता जे बोलणार आहे ते जरा कडू आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या पुष्पाबाईंनी बुंदी केली आहे, तेव्हा नंतर तोंड गोड करायची सोय आहेच.

सत्यभामाबाई आज निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या नावावर एक 'कारणे दाखवा' नोटीस आहे. या मंडपातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. मघापासून चार वक्ते बोलले, पण नोटिशीचं नाव कोणी काढलं नाही. मी काढतो.

सरकारचं धोरण वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. तो शासन निर्णय मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आहे. खेड्यातल्या सरकारी शाळेतल्या मुलालाही शहरातल्या मुलासारखं तंत्रज्ञान हाताळता आलं पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. याला कोण नाही म्हणेल? त्याच निर्णयाने आपल्या शाळेला टॅब मिळाले. खोकं उघडलं त्या दिवशी आपण नारळ फोडला, प्रत्येक टॅबला हळदीकुंकू लावलं. एका टॅबच्या कॅमेऱ्यात कुंकू शिरलं, ते अजून निघालेलं नाही. त्या टॅबने काढलेल्या फोटोत साहेबसुद्धा लाजल्यासारखे दिसतात.

आपल्या भागातल्या बाकीच्या शाळांचे टॅब तेव्हा 'येत आहेत' असं सांगितलं होतं. ते अजूनही येतच आहेत. कागदावर मात्र सगळ्या शाळा डिजिटल होऊन गेल्या. मग पाहणीला कोणी आलं, की काय दाखवायचं? त्यावर तोडगा निघाला. आपले टॅब आपल्या गावच्या रवीच्या ऑटोत भरायचे आणि पाहुण्यांची गाडी पोचायच्या आत ऑटो पुढच्या शाळेत पोचवायचा. तिथे पाहुण्यांचा चहा होईपर्यंत ऑटो त्याच्याही पुढच्या शाळेत. लग्नाची भांडी गावात घरोघर फिरतात ना, तसे आपल्या मुलांचे टॅब शाळोशाळी फिरले. प्रत्येक शाळेत तेच टॅब, तेच फोटो, तीच शाबासकी.

सुरुवातीला बाईंनी दिले. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांची फजिती नको म्हणून दिले. टॅब परत यायचे तेव्हा बॅटरी संपलेली असायची, मुलांनी काढलेली चित्रं पुसलेली असायची. मुलं रडायची, आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

मग मुंबईहून पाहुणे आले, तो दिवस उजाडला. मी हार घेऊन शाळेच्या दारात उभा होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. पाहुणे आधी आपल्याकडे येणार होते, पण ऐनवेळी बेत बदलला आणि त्यांची गाडी सरळ जयमालाबाईंच्या शाळेकडे वळली. इकडे चौथीचा वर्ग रंगला होता. बाईंनी स्वतःचा मोबाइल खिडकीत ठेवला होता, कारण रेंज तेवढ्या एका खिडकीतच येते. त्या मोबाइलच्या नेटवर टॅब चालू होते आणि मुलं नकाशात वरून पृथ्वी बघत होती. लोणारचं सरोवर सापडलं, तेव्हा अख्खा वर्ग ओरडला. सहलीला जाऊन त्याच्या काठावर उभी राहिलेली ही मुलं. पण ते इतकं गोल आहे हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग सुलतानपूरचा रस्ता धरून ती आपल्या गावात आली आणि प्रत्येक जण स्वतःचं घर शोधायला लागला.

तेवढ्यात रवी आला. "बाई, टॅब द्या लौकर. सायेब माह्या जिवावर उठले."

बाई म्हणाल्या, "पोरं घर पाहून राह्यले रवी. झालं की देते."

"अजून किती घरं राह्यले?"

"पोरं जेवढे, तेवढे घरं."

रवी दोन मिनिटं डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "मंग माहंही दाखवा एकडाव." आणि मुलांच्या रांगेत मांडी घालून बसला! हसू नको रवी, तू बसला होतास. ऑटो बाहेर चालूच होता.

मग खिडकीतला मोबाइल वाजू लागला. साहेबांचा फोन. फोन उचलला, की नेट बंद पडतं आणि मुलांच्या हातातला नकाशा जागीच थांबतो. बाईंनी फोन कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. शेवटी साहेबांनी माझ्या फोनवर विचारलं, "बाई काय करून राहिल्या तिथं?" मी म्हणालो, "साहेब, वर्ग चालू आहे." त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय.

तिकडे जयमालाबाईंच्या शाळेत पाहुण्यांनी विचारलं, "मुलांनो, तुमचे टॅब कुठे आहेत?" पूनम नावाची मुलगी उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "सर, अजून ऑटो नाही आला."

हसा. मीही हसलो होतो. पुढच्या आठवड्यात साहेबांच्या सहीची नोटीस आली तेव्हा हसू गेलं. त्यात काय लिहिलं आहे? 'शासकीय साहित्य वेळेवर उपलब्ध करून दिले नाही. वरिष्ठांचा दूरध्वनी हेतुपुरस्सर टाळला. कर्तव्यात कसूर केली.' मी विचारतो, कर्तव्य कशाला म्हणायचं? या शाळेला दिलेले टॅब, शाळेच्या वेळेत, शाळेच्या मुलांच्या हातात होते. धोरणात लिहिलेली गोष्ट त्या दिवशी आपल्या भागात एका खोलीत खरोखर घडत होती. नेमकी त्याच खोलीवर नोटीस निघाली! ऑटो वेळेवर गेला असता, सगळीकडे खोटं नीट पार पडलं असतं, तर आज याच बाईंना 'उपक्रमशील मुख्याध्यापिका' म्हणून प्रमाणपत्र मिळालं असतं.

मी एकतर्फी तर बोलत नाही ना, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. फजिती झाली ती जयमालाबाईंची, म्हणून आधी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, तुम्हाला राग नाही आला? त्या म्हणाल्या, "आला ना! दोन दिवस बाईशी बोलली नाही मी. पण पाहुणे गेल्यावर पोरी मले विचारे, 'बाई, ऑटो येईन तं आपल्याले बी हात लावू देतीन का?' आजवर फोटोपुरतेच धरले होते त्यायनं. मंग सांगा, राग कोणाचा धरू?"

साहेबांचाही विचार केला. त्यांच्यावरही वरून दबाव असणार. त्यांच्या जागी मी असतो, तर घाबरून मीही ऑटो पाठवला असता, हे मला कबूल आहे. पण नोटीस? ऑटो घाईघाईत पाठवता येतो. नोटीस खुर्चीवर बसून, शब्द निवडून लिहावी लागते.

बेबीताई मला खूण करत आहेत. हो ताई, आटोपतो. साहेब, पाणी घ्या.

परवा बाईंना साहेबांच्या कचेरीतून निरोप आला, की माफीच्या चार ओळी लिहून द्या, विषय इथेच मिटवू. नाहीतर निवृत्त झाल्यावरही चौकशी मागे लागेल आणि इतक्या वर्षांच्या नोकरीवर शेवटी डाग राहील. खरं सांगतो, मलाही वाटलं, द्याव्यात. त्यांच्या घरी जाऊन तसं म्हणालोही. बाई तेव्हा मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसली होती लिहाले. पण माफी कायची, ते तं लिहा लागते ना अविनाश? 'पोरायले शिकवत होती, चूक झाली' असं लिहू? मंग माह्या जागी येईन ते बाई काय शिकंन त्याच्यातून? ऑटोचा हॉर्न वाजला, की पोरायच्या हातातून टॅब हिसकून घेईन."

 असं म्हणून त्यांनी मेथीची एक जुडी माझ्या हातात दिली. "बसलाच आहेस, तं निवड."

मंडळी, बाईंना शाल आपण देऊच, साडीही देऊ. पण त्या जे मागत नाहीत ते मागणं आपलं काम आहे. समितीने काल ठराव केला: त्या दिवशीचा वर्ग पालकांच्या इच्छेने चालू होता, आणि टॅब यापुढे शाळेच्या वेळेत आवाराबाहेर जाणार नाहीत. चौकशी झाली, तर आम्ही सगळे पालक बाईंच्या बाजूने उभे राहू. रवीही येतो म्हणाला आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. मंडप घालणाऱ्यांचे, स्वयंपाकाला हातभार लावणाऱ्या बायाबापड्यांचे, बेबीताईंचे आणि इथवर आलेल्या साहेबांचेही आभार. बोलता बोलता कोणाचं नाव राहिलं असेल, आवाज चढला असेल, पाहुण्यांचा मान राखण्यात मी कमी पडलो असेन, तर ती चूक माझी समजून पोटात घाला. माझ्या चुकीची माफी मी मागतो. बाईंच्या वतीने मात्र मागणार नाही.

आता साहेब बोलतील. साहेब, बाईंचं कौतुक आमचं करून झालं आहे, तुम्ही ते नाही केलंत तरी चालेल. नोटीस मागे घेतली का, एवढंच सांगा. बाई समोरच बसल्या आहेत.