वापस केलेली कोंबडी

पवनीच्या बसथांब्यावर हवालदार भूषण साध्या कपड्यांत, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, पायाशी पिशवी ठेवून बसला होता. सुटीवर घरी निघाला होता. शेजारी ताराबाई आपल्या बहिणीला, दुर्गाबाईला सांगत होती.

"बकरी चोरीले गेली म्हणून ठाण्यात गेली. साहेबाच्या मिशा पाहा, कानापावतर."

"कोणतं ठाणं?"

"आमच्या गावाबाहेरचं, नवीन."

"अवो, थे सिनेमावाल्यायनं बांधलं. जुन्या काळचे लाचखाऊ पोलिस दाखवून राहिले."

"मले काय माहीत? साहेब म्हणे, रिकाम्या हातानं काहून आली? मंग कोंबडी देली."

"घेतली?"

"घेतली. कोणी तरी 'कट' म्हणलं, त वापस केली. अशी चार डाव घेतली, चार डाव वापस केली. वरून हात जोडले."

"पोलिसानं कोंबडी वापस केली, तरी तुले समजलं नाही?"

"समजलं न. म्हणून त उठून खऱ्या ठाण्यात गेली."

"आन् कोंबडी?"

"थे तिथंच राहिली."

"मंग बकरी सापडते आता."

पायाशी पिशवी फडफडली. भूषणनं तिचं तोंड आवळलं आणि बस कुठवर आली ते पाहू लागला.